अन्न वाया जाऊ नये आणि खर्चही आटोक्यात राहावा, यासाठी सुरुवात कोठून करावी?

हिशोबी

घरखर्चाचा हिशोब मांडून पाहिला असता भाडे, वीज आणि प्रवास या रकमांमध्ये फारशी काटछाट शक्य नाही, थोडाफार वाव आहे तो खाण्यापिण्याच्या खर्चातच, असे दिसते. स्वस्त मिळते म्हणून एकदम पुष्कळ खरेदी होते आणि त्यातील बराचसा भाग खाण्याआधीच खराब होतो. असे झाले की मिळालेल्या सवलतीला काही अर्थ उरत नाही. 'आठवड्याचे नियोजन करा' हा सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो, परंतु त्याची सुरुवात नेमकी कशापासून करावी, हे कोणी सांगत नाही. रोजच्या कामात तासाभराची भर घालणारे उपाय मला नको आहेत. साठवणुकीत काय बदलावे आणि उरलेल्या अन्नाच्या बाबतीत काटकसर कोठपर्यंत ताणावी, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

पाकसिद्ध

सुरुवात खरेदीच्या यादीपासून करू नये, कचऱ्याच्या डब्यापासून करावी. फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवून, टाकून दिलेला प्रत्येक पदार्थ आणि तो टाकण्याचे कारण त्यावर लिहीत जावे. वजन करण्याची गरज नाही, कारण मात्र नेमके लिहावे; कारण जास्त शिजवल्यामुळे उरलेले अन्न, मागे पडून विसरलेले अन्न आणि चुकीच्या जागी ठेवल्याने सडलेले अन्न या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध चालत नाही. पहिल्यासाठी शिजवण्याचे माप बदलावे लागते, दुसऱ्यासाठी फ्रीजमधील मांडणी आणि तिसऱ्यासाठी साठवणुकीची पद्धत.

हा प्रश्न केवळ आपल्या घरापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घराघरांतून गेले. दुकाने आणि उपाहारगृहे यांचा वाटा त्या मानाने कमी आहे. घरगुती नासाडीची जागतिक सरासरी माणशी वर्षाला 79 किलो भरते, म्हणजे स्वयंपाकघरातील लहानशी सुधारणा क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

खरेदीबद्दल माझे मत असे की, नाशवंत माल थोडा आणि वारंवार घ्यावा, तर धान्य आणि कडधान्ये यांसारखा टिकाऊ माल एकदम घ्यावा. वेगवेगळ्या आकारांच्या पाकिटांची तुलना करताना छापील किमतीऐवजी किलोमागे पडणारा दर पाहावा. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही आणि जे पडते तेही संपूर्ण वापरले गेले तरच.

कोठार

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, पण 'वारंवार खरेदी' हा सल्ला मला तितकासा पटत नाही. जितक्या वेळा दुकानात जावे तितक्या वेळा यादीबाहेरचे काहीतरी पिशवीत येते. त्याऐवजी आठवड्यातून एकदाच भाजीपाला आणावा आणि लवकर खराब होणाऱ्या वस्तू आधी, टिकाऊ वस्तू नंतर अशा क्रमाने संपवावा: पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, फुलकोबीसारख्या भाज्या त्यानंतर आणि गाजर, कोबी, भोपळा आठवड्याच्या शेवटी. कोणत्या दिवशी कोणता पदार्थ करायचा हे आधी ठरवले नाही तरी चालते. क्रम पाळला की बहुतेक काम होते.

साठवणुकीकडे मात्र थोडे बारकाईने पाहावे लागते. केळी, सफरचंद आणि टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो शेजारच्या पालेभाज्या, काकडी व ब्रोकोली यांना लवकर पिवळे पाडतो. म्हणून ही फळे भाज्यांपासून दूर ठेवावीत. हाच वायू कच्ची फळे पिकवायच्या कामीही येतो, तेवढ्यापुरते त्यांना पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत कोंडावे. बटाटे आणि कांदे दोन्ही कोरड्या, हवेशीर जागी ठेवायचे, पण एकमेकांना लागून नव्हे. बटाट्यांना अंधार हवा, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यांच्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते, जे शिजवूनही पुरेसे नष्ट होत नाही. पालेभाज्या निवडून, पूर्ण कोरड्या करून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवल्या तर चांगल्या टिकतात. ओल्याच ठेवल्या तर चिकट होतात.

फ्रीजचे तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीजरचे उणे 18 अंश असावे. दाराचा कप्पा सर्वांत उबदार असल्यामुळे दूध तेथे न ठेवता आतल्या फळीवर ठेवावे; दारात मसाल्याच्या आणि सॉसच्या बाटल्या शोभतात. पाव फ्रीजमध्ये ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. थंड तापमानात पावातील स्टार्चची रचना बदलण्याची क्रिया वेगाने होते आणि पाव लवकर शिळा, कडक लागतो. जास्त दिवस टिकवायचा असेल तर तुकडे करून थेट फ्रीजरमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा.

हिशोबी

दोघांचेही आभार. कागद आजच चिकटवला आहे. दोन शंका राहतात. पाकिटावरची तारीख उलटली की पदार्थ टाकावाच का? आणि बुरशी आलेला भाग कापून उरलेले वापरण्याची रीत कितपत योग्य आहे?

दक्ष

तारखा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतील फरक न समजल्यामुळे बरेच चांगले अन्न कचऱ्यात जाते. 'या तारखेपूर्वी सर्वोत्तम' अशा अर्थाची तारीख दर्जाविषयी असते. ती उलटल्यावर बिस्किटाचा कुरकुरीतपणा किंवा मसाल्याचा वास कमी होतो, पण पाकीट नीट बंद असेल आणि साठवण योग्य असेल तर पदार्थ बहुधा खाण्यायोग्य असतो. 'या तारखेपर्यंत वापरा' ही मात्र सुरक्षिततेची तारीख असते आणि मांस, मासे अशा लवकर नासणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत ती ओलांडू नये. येथे वास घेऊन निर्णय करणे चुकीचे ठरते, कारण आजार देणारे अनेक जिवाणू वास किंवा चव बदलत नाहीत.

बुरशीबाबत मी काटकसरीच्या बाजूने नाही. पाव, शिजवलेले अन्न, दही आणि मऊ फळे यांत बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, त्यामुळे ते पूर्ण टाकावे. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि धान्य तर अजिबात वापरू नये, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने तयार केलेले विष असू शकते. गाजर, कोबी अशा घट्ट भाजीवरचा छोटा डाग मात्र भोवतालचा सुमारे अडीच सेंटिमीटर भाग काढून टाकता येतो.

उरलेल्या अन्नातला सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे भात. तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात पसरट भांड्यात काढून शक्यतो तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. इतर शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. मोठे पातेले जसेच्या तसे आत ठेवले तर मधला भाग फार वेळ कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवावे. डबे पारदर्शक असावेत. आतले दिसत नाही ते खाल्ले जात नाही.

पाकसिद्ध

इंधनाचा मुद्दा राहिला होता, तो थोडक्यात. पाण्याला उकळी फुटली की ज्योत वाढवून अन्न लवकर शिजत नाही, कारण उघड्या भांड्यातील पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, फक्त अधिक वाफ उडून जाते. तेव्हा आच कमी करून झाकण ठेवावे. कडधान्ये रात्रभर भिजवून कुकरमध्ये शिजवली तर वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. राजमा मात्र भिजवलेले पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रासदायक ठरू शकतो.