मदत हवी आहे: दहावीच्या मुलांवरची फिल्म एडिटमध्ये फसतेय

फिल्म २८ मिनिटांची, तीन मित्रांची, चित्रीकरण देवबाग-तारकर्लीला. रफ कट (पहिली कच्ची जुळणी) निराश करतो. मुलं मनातलं सगळं बोलून दाखवतात, हा मुख्य दोष. या वयातला राग, लाज गप्प बसण्यातून दिसते. इथे भांडणाचं कारण आधीच संवादात कळतं आणि पुढची ६ मिनिटं वाया जातात. शिवाय घरी मालवणीत बोलणारी मुलं भांडताना एकदम पुस्तकी होतात! तेवढे संवाद पुन्हा मालवणीत डब करणार आहोत.

खरी अडचण किनाऱ्यावरच्या भांडणाच्या प्रसंगाची. माइकला फरचं कव्हर नव्हतं, त्यामुळे संवादांवर वाऱ्याची घरघर आहे. १०० हर्ट्झखालचा खर्जातला आवाज कापला की ती कमी होते, पण आवाज जिथे फाटलाय तिथे उपयोग शून्य. २५०-३०० पर्यंत कापलं तर मुलांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात. आता पुन्हा शूटही नाही, पावसात किनाऱ्याचं रूपच बदलतं.

तिथले संवाद काढून फक्त चेहरे आणि लाटा ठेवल्या तर भांडण पोचेल का? आणि कुडाळ-सावंतवाडीकडे डबिंगसाठी शांत खोली कुणाला माहीत आहे? स्लॅबची हवी. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो.