मदत हवी आहे: पंढरपूर जवळ आलं, पण पोटऱ्यांत गोळे थांबेनात

जय गजानन माऊली. शेगावहून पायी निघालेल्या आमच्या दिंडीतल्या काकू, वय ५८. शुगर नाही, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी रोज चालू. दुपारच्या विसाव्यानंतर उठलं की पोटरीत गोळा येतो, अंगठा वर ओढून धरला की सुटतो, फर्लांगभर चाललं की पुन्हा. लघवी गडद पिवळी. फोड नाहीत, चपला रुळलेल्या. तेलमालिश, रात्री पायाखाली वळकटी करून झालं. दुखण्याची गोळी मुद्दाम दिली नाही, अंगात पाणी कमी असताना किडनीवर ताण येतो. नुसतं पाणी भरपूर पितात, पण घामातलं मीठ त्यानं भरत नाही. ओआरएसची लिटरची पुडी बीपीच्या धास्तीनं अर्धीच घेतात. गाडीत बसणार नाहीत, हे धरूनच सांगा. बीपीच्या या गोळीवर दिवसाला किती ओआरएस चालेल, आणि कोणतं लक्षण दिसलं की चालणं थांबवायचंच?