लोअर गाडीचा कॅम्बर जॅक लावून सरळ करणं बंद करा बे

सातरस्ता_स्विफ्ट:
सोलापुरात गाडी लोअर केली, म्हणजे खाली बसवली, की पुढचं ठरलेलं. चाकांचे कोन जुळवायला अलाइनमेंटला जायचं, तो स्क्रीनवर लाल आकडा दाखवणार, "कॅम्बर (समोरून दिसतो तो चाकाचा तिरकेपणा) आउट आहे मालक" म्हणणार, मग साखळी अडकवून हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतो तो खांब) बाहेर दाबणार आणि आकडा हिरवा झाला की पैसे घेऊन मोकळा. मला हे सगळं उलटं वाटतंय. स्प्रिंग ३०-४० मिमी खाली घेतल्या की पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला कॅम्बर साधारण अर्धा ते एक डिग्री निगेटिव्हकडे, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत, जातोच, खालच्या आर्मचा (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला म्हणून जातो, काही वाकलं म्हणून नाही. मग जे वाकलेलंच नाही ते वाकवून सरळ कशाला करायचं?
टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. गाडी खाली बसली की टाय रॉडचाही (स्टेअरिंगकडनं चाकाला जाणाऱ्या दांड्याचाही) कोन बदलतो आणि टो हलतो, आत की बाहेर ते स्टेअरिंगचा रॅक कुठंय त्यावर. हिशोब करा, एक चाक अर्धा डिग्री तिरकं असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ ९ मीटर आडवं जायला बघतं, पुणे २५० किमी धरलं तर दोन किमीच्या वर आडवा घास. त्यामुळं टो शून्याजवळ आणा, कॅम्बर डावी-उजवी सारखा आहे का बघा, आणि दीड डिग्रीच्या आत असेल तर हात लावू नका.

गॅरेजवाला_अक्कलकोटरोड:
बोलायला सोपंय ओ. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं तेव्हा टायर बाहेरनं नवा आणि आतनं तारा दिसालल्या असतात, त्याला काय आर्मचा कोन समजावत बसू? आणि सगळे स्ट्रट सरळच असतात हे कुणी सांगितलं, लोअर गाडी खड्ड्यात आदळली की वाकतोच, आम्ही जॅकनं परत जागेवर आणतो. इतकी वर्षं हेच करालोय, कुणाचं चाक निघून पडलं नाही.

सातरस्ता_स्विफ्ट:
अण्णा, वाकलाय की नाही हे मशीनच सांगतं की. किंगपिन इन्क्लिनेशन (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा आतला कल) आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूला काढा. बेरीज सारखी आली तर स्ट्रट आणि नकल (स्ट्रटला बोल्टनं जोडलेला, चाक धरणारा भाग) ठीक आहेत, दोष असलाच तर आर्म नाहीतर सबफ्रेमकडे (आर्म जिथं बसतो त्या खालच्या चौकटीकडे) बघा. बेरीज वेगळी आली तरच स्ट्रट किंवा नकल वाकलंय, आणि तेव्हा वाकलेला भाग बदलायचा असतो. किती जण हा आकडा उघडून बघतात? जॅकनं दाबलेल्या स्ट्रटचा रॉड जरासा जरी वाकला तरी सील एका बाजूनं घासतं, पुढं तेल गळायला लागतं आणि मग म्हणायचं शॉकअप लोकल निघाला.

विजापूररोड_जीटी:
जॅकच्या बाबतीत तुझ्याशी सहमत, पण "दीड डिग्रीच्या आत हात लावू नका" हे कुणी सांगितलं भावा? ते रेस ट्रॅकवाल्यांचं गणित आहे, वळणावर गाडी झुकते तेव्हा बाहेरच्या चाकाला निगेटिव्ह कॅम्बर कामी येतो. आपण काय चालवतो? हैदराबाद हायवे नाहीतर पुणे हायवे, दोन्ही सरळसोट. सरळ रस्त्यावर वजन सगळं टायरच्या आतल्या खांद्यावर, एप्रिल-मेमध्ये हवेचा पारा ४० च्या वर, रस्ता त्याहून तापलेला, तो खांदा भाजून निघतो. टो शून्य केला तरी ते थांबत नाही, फक्त हळू होतं. तुझे ते ९ मीटर पण कागदावरचे, रबर लवचिक असतं, सगळंच घासत नाही.
कॅम्बर बोल्ट टाका ना. नकलला जे दोन बोल्ट असतात त्यातला एक काढून मधे बारीक आणि एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला गोल) असलेला बोल्ट बसतो, एक-दीड डिग्री आरामात मिळते, वाकवावाकवी नाही. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी कॅम्बर मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो परत बिघडतो. बरेच जण टो करून झाल्यावर कॅम्बरला हात घालतात आणि तसंच सोडतात, तिथं खरी बोंब आहे.

जुळेसोलापूरकर:
एक विचारू का, स्प्रिंग किट टाकलंय का कापल्यात? कापल्या असतील तर दोन्ही बाजूची उंचीच सारखी नसणार, मग कॅम्बर सारखा कुठनं येणार. पहिलं ते बघा, डिग्रीचं नंतर.

स्टॉकच_बरी:
मी म्हणतो लोअर करायचीच कशाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आपल्या गल्लीतला बघा, हातभर रुंद आणि गुडघ्याला टेकेल असा. वर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ मापात बदल केला तर आरटीओ विचारणारच. घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालात की मागं तिघं बसले म्हणून गाडी अजून खाली, मग ते अलाइनमेंट कुठल्या उंचीचं?

सातरस्ता_स्विफ्ट:
शेवटचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा आणि टाकी निम्मी ठेवा म्हणतात. बाकी लोअर करावी का नको याचा वेगळा धागा काढा, इथं आधीच केलेल्यांचं चाललंय.
जीटी, आतला खांदा झिजतो हे कोण नाकारतंय, टायर वेळेवर फिरवून (जागा अदलून) घेतले तर चालतं एवढंच माझं म्हणणं. तुझ्या बोल्टमध्ये पण गोम आहे, मूळ बोल्टपेक्षा तो मधे बारीक असतो आणि आपल्या खड्ड्यात पकड सुटली की कॅम्बर एका झटक्यात सरकतो, टो पण जातो, स्टेअरिंग वाकडं. स्टॉकच्या भोकात थोडी ढिलाई असतेच, नकल बाहेर ओढून धरून बोल्ट आवळला तर थोडंफार फुकटात मिळतं, मला तेवढं बास.

विजापूररोड_जीटी:
टॉर्क रेंचनं आवळून रंगाची खूण मारली तर सरकला की दिसतोच. पान्यावर उभं राहून आवळणाऱ्यांचं सोड.

होटगीरोड_आयट्वेंटी:
मागच्या चाकांचं कुणीच बोलंना. आपल्या हॅचबॅकला मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम, गाडी खाली घेतली तरी तिथं कॅम्बर फारसा हलत नाही, आणि हलवायला नट पण नाही. आकडा चुकलेला असेल तर स्टब अ‍ॅक्सलच्या (चाक बसतं त्या खुंटाच्या) मागं तिरकी शिम, म्हणजे पातळ चकती, नाहीतर बीम बदल. मागच्या चाकाला जॅक लावणारा दिसला तर गाडी घेऊन पळा.

गॅरेजवाला_अक्कलकोटरोड:
बरं मालक, बोल्ट घेऊन या, बसवून देतो, बेरीज पण काढून दाखवतो. फक्त टायर तुम्ही फिरवून घेणार, खूण पण तुम्हीच बघणार. सहा महिन्यांनी आतनं तारा निघाल्या की "अण्णा तुम्हीच केलं होतं" म्हणून माझ्या दारात भांडायला यायचं नाही, ते आधी कबूल करा.