भिगवणची पक्षी-छायाचित्रण कार्यशाळा: ३०० मिमी लेन्स पुरेल का?

प्रश्न: उजनी जलाशयावर, भिगवणजवळ, जानेवारीत सहा जणांची दोन दिवसांची कार्यशाळा आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. आधी मोठी लेन्स घ्यावी, की याच साहित्यावर नाव नोंदवावे?

उत्तर १: लेन्ससाठी थांबू नये. रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यासह टिपायला ३०० मिमी पुरते. एकट्या खंड्याचे जवळून चित्र मात्र अवघड जाईल. त्यापेक्षा एका होडीत किती जण बसणार, हे आयोजकांना विचारावे, कारण सहाही जण एकाच होडीत दाटीने बसले तर गट लहान असूनही प्रत्येकाला मोकळा कोन मिळत नाही.

उत्तर २: डुलत्या होडीत तिपाईचा फारसा उपयोग नसतो, म्हणून शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवायला कचरू नये. गडद पाण्यावर फिकट पक्षी लहान दिसत असेल, तर कॅमेरा पाण्याकडे पाहून उजेडाचे मोजमाप करतो, चित्र जास्त उजळ होते आणि पिसांवरचा तपशील पांढरा पडून नाहीसा होतो. अशा वेळी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) थोडे उणे करावे. हे पुस्तकातही सापडते, पण मार्गदर्शक शेजारी बसून तिथल्या तिथे हिस्टोग्राम (चित्रातील उजळ-गडद भागांचा आलेख) दाखवतो तेव्हा लवकर उमगते.

उत्तर ३: उड्डाणाच्या छायाचित्रासाठी होडी थव्यात घालणारे मार्गदर्शक टाळावेत, मग शुल्क कितीही कमी असो. चरणारे पक्षी बिचकून माना उंचावून एकाच दिशेने चालू लागले, की होडी तिथेच थांबवायला सांगावे.