परफेक्शनिझम सोडून देणे : चालतंय, भागतंय की खपतंय?

धागाकर्ती :
मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर दोन. मी सोलापुरात शाळेवर आहे, पुढच्या आठवड्यात पालकसभेत बोलायला सांगितलंय आणि विषय दिलाय परफेक्शनिझम. विषयाला माझी ना नाही, माझ्याच वर्गात एक मुलगी आहे, एक अक्षर चुकलं की ती खोडत नाही, व्हाइटनर लावत नाही, सरळ पान फाडते, मग शिवणीच्या पलीकडचं जोडपान लोंबायला लागतं म्हणून तेही काढते, आणि पहिलं सत्र संपेस्तोवर दोनशे पानी वहीचे नुसते पुठ्ठे वाजायला लागतात. अक्षर मात्र मोत्यासारखं. आईला केवढं कौतुक, "आमचीला खाडाखोड अजिबात खपत नाही हो मॅडम."
आता समोर बसणारे पालक म्हणजे कुणी यंत्रमागावर, कुणी विड्या वळणाऱ्या, कुणी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात, घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारे बरेच. त्यांच्यापुढे मी 'परिपूर्णतावाद' म्हटलं तर अर्धी सभा चहाला उठेल. 'अपूर्णतेचा स्वीकार' तर एखाद्या चर्चासत्राच्या बॅनरवरचं वाटतं. तर (एक) ह्या सवयीला काय म्हणायचं आणि (दोन) ती सोडण्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद :
चालतंय की. झाला शब्द. उगं कशाला कीस काढायलाव 😀

प्रतिसाद :
पहिल्या प्रश्नाबद्दल. मराठीत गंमत अशी आहे की काटेकोर, चोखंदळ, टापटीप, चोख, नेटका हे सगळे शब्द कौतुकाचे, शिव्या वेगळ्याच खात्यात ठेवल्यात : कीस काढणारा, खुसपटं काढणारा, उणीदुणी काढणारा. पण ही काढाकाढी दुसऱ्याच्या कामातली असते. स्वतःच्याच कामातली उणीदुणी काढून स्वतःला पोखरणारा जो माणूस आहे त्याला आपल्याकडे रूढ शब्द नाही, उलट आपण त्याला हुशार म्हणतो. त्या आईचंच बघा.
पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याचे तीन प्रकार मांडले होते, एक म्हणजे स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसरा म्हणजे इतरांकडून, आणि तिसरा म्हणजे लोकांची आपल्याकडून तशी अपेक्षा आहे असं वाटत राहणं. दुसऱ्याला आपल्याकडे ढीगभर शब्द आहेत, तिसऱ्याला 'लोक काय म्हणतील' हे अख्खं वाक्यच आहे. अडतं ते पहिल्यापाशी.
मी 'नीटपणाचा सोस' असं सुचवेन. सोस म्हटलं की अति झालंय हे आपोआप येतं, नटायचा सोस, सोवळ्याचा सोस. आणि नीटपणाला कुणी वाईटही म्हणत नाही.

धागाकर्ती :
सोस! हे चपखल आहे. पालकांना लगेच कळेल. धन्यवाद सर.

प्रतिसाद :
वर 'चालतंय की' सुचवलंय त्याला माझी सख्त हरकत आहे. ह्या 'चालतंय' नेच आपल्या गावाचं वाटोळं केलंय. रस्ता केला, पहिल्या पावसात खडी वर आली, ठेकेदार काय म्हणणार, चालतंय की. नळाची तोटी बसवली, गळते, प्लंबर म्हणतो थोडं गळणारच, चालतंय. पोरांना तुम्ही हेच शिकवणार का मॅडम? आधीच कोण काटेकोर आहे इथं?

प्रतिसाद :
मालक, तुमचा राग बरोबर आहे पण तो 'चालतंय' वर नाही, 'खपतंय' वर काढा. ही सगळी क्रियापदं सारखी वाटतात, पण प्रत्येकाची जात वेगळी.
खपतंय म्हणजे माल डावा आहे हे देणाऱ्याला माहीतय, घेणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही म्हणून सरकवायचा. 'धकून जाईल' त्याचाच भाऊ. तुमचा ठेकेदार इथला. निभलं म्हणजे संकट होतं, कसंबसं पार पडलं, परत तसं करायची इच्छा नाही. चालतंय मध्ये संमती आहे, आणि ती कुणाची ते बघायला लागतं. "मला चालेल" असं ज्याला वापरायचंय त्यानं म्हटलं तर प्रश्नच मिटला (आणि मग कुणीतरी "पळेल पण" म्हणतोच). करणाराच जेव्हा दुसऱ्याच्या वतीनं 'चालतंय' म्हणून मोकळा होतो तेव्हा ते खपवणं असतं, फक्त कपडे बदललेले.
आणि भागतंय म्हणजे गरज पुरी झाली. तहान भागली, भूक भागली. ह्यात लबाडी नाही, कारण कशाची गरज होती ते आधी ठरलेलं असतं.
आमचे वडील चादरीच्या कारखान्यात होते म्हणून सांगतो. माग चालू असताना धागा तुटणारच. तुटला की माग बंद करायचा, दोन टोकं शोधायची, चिमटीत धरून गाठ मारायची, जास्तीचं शेपूट कात्रीनं कापायचं आणि परत माग चालू. अशा गाठी चांगल्यातल्या चांगल्या चादरीत असतात, हात फिरवला तर बोटाला लागतात. त्यावरून कुणी चादर बाजूला टाकत नाही. पण गाठ न मारताच माग पुढं रेटला आणि फुलाची पाकळी अर्ध्यात गायब झाली, की ती सेकंडच्या ढिगात आणि वर जॉबरच्या, म्हणजे मागावर देखरेख करणाऱ्याच्या, शिव्या. गाठ म्हणजे भागलं, आणि सेकंडची चादर घडी घालून फर्स्टच्या भावात देणं म्हणजे खपवणं. मॅडमच्या वर्गातली मुलगी गाठ दिसती म्हणून अख्खी चादर फाडती, एवढंच आहे.

प्रतिसाद :
+१. हे नुसतं वाचूनच पालकसभेत सांगा. आणि तोपर्यंत त्या पोरीला स्पायरलची वही घ्यायला सांगा, जोडपान तरी वाचेल.

प्रतिसाद :
सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यात ह्या जागी 'पर्वालेदु' म्हणतात. शब्दशः बघितलं तर 'पर्वा नाही', पण मराठीत तुम्ही 'मला पर्वा नाही' म्हटलं की समोरचा दुखावतो, भांडणाची भाषा आहे ती. तेलुगूत मात्र तब्येत कशी आहे, पर्वालेदु, म्हणजे बरी आहे. स्वयंपाक कसा झालाय, पर्वालेदु, म्हणजे ठीक जमलाय, अगदीच वाईट नाही. लहानपणी शाळेत मास्तरांनी पेपर कसा गेला विचारल्यावर मी 'पर्वा नाही सर' म्हणालो होतो, पुढचं सांगत नाही. शेजारचे कन्नड लोक 'नडीतद' म्हणतात, ते तर सरळ सरळ 'चालतंय' आहे, नडी म्हणजे चाल. मॅडम, सभेत हे तिन्ही शब्द घेतले तर सगळ्यांनाच आपल्या घरातलं वाटेल.

धागाकर्ती :
वा, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. घेतेच. मला स्वतःला आता 'भागतंय' जास्त पटायला लागलंय. मुलांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकात 'पुरेसं चांगलं' असा शब्द वाचला होता, अर्थ बरोबर आहे पण वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं, कुणी बोलत नाही तसं.

प्रतिसाद :
'पुरेसं चांगलं' हे भाषांतर आहे म्हणूनच खडा लागतो. पण 'भागतंय' ला तुम्ही समजता त्याहून मोठा पाठिंबा आहे. अर्थशास्त्राचं नोबेल (१९७८) मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात 'सॅटिस्फायसिंग' असा शब्द चालवला, समाधान होणं आणि पुरेसं होणं या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून. म्हणणं असं, की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं सगळंच मर्यादित असतं, त्यामुळे सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणं व्यवहारात जमतच नाही. तो आधी मनाशी एक पातळी ठरवतो आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय दिसला की शोध थांबवतो. चाटी गल्लीत साडी घ्यायला गेलेल्या दोन बायका बघा. एकीचं ठरलेलं असतं, अमुक बजेट, काठ मोठा, रंग जाणार नाही असा, तिसऱ्या दुकानात मिळाली की विषय संपला. दुसरी सगळी गल्ली पालथी घालते, साडी आणते, आणि घरी येऊन म्हणते ती पहिल्या दुकानातली जांभळी घ्यायला हवी होती. सायमनना जो शब्द जोडून करावा लागला तो आपल्याकडे 'भागणे' म्हणून तयार पडलाय. आणि हो, थकणे असाही त्याचा अर्थ आहे, थकले-भागले. ती दुसरी बाई त्या अर्थानं भागते.

प्रतिसाद :
सगळे पुरुष क्रियापदांत अडकलेत म्हणून मी लिहिते. आपल्याकडे दोष मान्य करायची भाषा आहेच की, आणि रोजच्या वापरातली आहे. लग्नात मुलीकडचे हात जोडून म्हणतात, काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. कुणी अचानक जेवायला आलं तर कडक भाकरी, शेंगा चटणी, दही ताटात वाढायचं आणि म्हणायचं, आहे ते गोड मानून घ्या. आणि पाहुणाही मुकाट्यानं भाकरी कुस्करून दह्यात घालतो, गोड मानतो. त्या वेळी कुणाला भाकरीची तुटकी कड दिसत नाही. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापतानाच चिरते, त्यात बाईचा काय दोष? पण तीच भाकरी घरच्या सुनेच्या हातची असली की सासू चिरा मोजते.
माझं म्हणणं एवढंच, की 'सांभाळून घ्या', 'गोड मानून घ्या' हे आपण फक्त दुसऱ्याला म्हणतो, तेही पाहुण्याला, व्याह्याला. स्वतःचं काम स्वतःच गोड मानून घेतलं असं कुणाच्या तोंडून ऐकलंय का? मी तरी नाही. त्या आईनं मुलीची खाडाखोड झालेली वही हातात घेऊन एकदा तरी ती गोड मानून घ्यावी, तेव्हा कुठं पोरगी शिकेल.

धागाकर्ती :
ताई, हे थेट लागलं. म्हणजे सोस मुलीचा असला तरी बोलायचंय पालकांशीच. तर मी 'नीटपणाचा सोस' हा विषय ठेवते, मध्ये चादरीची गाठ, आणि शेवटी 'भागतंय' आणि 'गोड मानून घ्या'. फळ्यावर 'भागतंय' लिहू दिलं तर बघू, मुख्याध्यापक म्हणतील बोलीभाषा नको, 'भागते आहे' लिहा 😀

प्रतिसाद :
'भागते आहे' लिहू नका, कोण भागून चाललंय असं वाटेल, आणि इथं अर्ध्या लोकांना हिंदी येतं.

प्रतिसाद :
एक शब्द राहिला सगळ्यांकडून. उरकणे. ऑफिसात 'उरकलंय' म्हणजे शिवी आहे, घाईघाईत मन न लावता केलेलं. पण घरात 'स्वयंपाक उरकला, धुणं उरकलं' ह्यात काही कमीपणा नसतो, उलट सुस्कारा असतो. उरकता येणं ही कलाच आहे असं आमची आजी म्हणायची, ज्या बाईला उरकत नाही तिच्याकडं ती दयेनं बघायची. तर उरकणे ह्या शब्दाला बट्टा कधी लागला, आणि तो लावणारे स्वतः स्वयंपाक करत होते का, हे कुणी जाणकारानं सांगावं.