पत्र्यावर पाऊस, टीव्ही मुका: जुने सिनेमे सुचवा

पागोळी:
आम्ही केळशीचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात निम्मी कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा ना कौलं मिळत होती ना माणसं, म्हणून 'तात्पुरते' पत्रे घातले. ते अजून आहेत. एरवी तक्रार नाही, पण आषाढातली सर कोसळायला लागली की माजघरात शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, तिथे टीव्हीचं काय!

आई 81 वर्षांची. बागेत जाता येत नाही, देवळात जाता येत नाही, दिवसभर झोपाळ्यावर. जुन्या सिनेमांची तिला भारी आवड. परवा हौसेने 'कुंकू' (1937) लावला. त्याला पार्श्वसंगीतच नाही, घड्याळाचे टोले वगैरे खरे आवाज तेवढे. हीच त्याची थोरवी. आमच्याकडे ती थोरवी पत्र्याने गिळली. शांता आपटे रागावलेली दिसत होती. का रागावली ते मी आईला ओरडून सांगत होतो.

तर ऐकू नाही आलं तरी चालतील असे सिनेमे सांगा. हेडफोन नकोत. आई म्हणते, कानात बोळे घालायचे तर एका खोलीत बसायचं कशाला? आणि लाईट गेली की इन्व्हर्टर टीव्हीला दीड तासच पुरतो.

मालवणी_चेडू:
'पुष्पक' (1987) लावा. कमल हासन नि अमला. अख्ख्या पिक्चरात कोण एक शब्द बोलणा नाय! आमच्याकडे पण पत्रोच आसा, म्हणान सांगतंय. फक्त दोन तासांचो आसा, इन्व्हर्टरसाठी मधी थांबूक लागतला.

घाटातला:
'मधुमती' (1958). सुरुवातच आपल्याकडची: पावसाळी रात्र, दरड कोसळून रस्ता बंद, दिलीपकुमार आडवाटेच्या पडक्या हवेलीत आसरा घेतो. मी पोलादपूरचा, त्यामुळे दरडीचं आम्हाला कौतुक नाही. पण पडद्यावरचा पाऊस कुठला आणि डोक्यावरचा कुठला हे कळेनासं होतं, तेव्हा मजा येते. संगीतकार सलीलदांची (सलील चौधरी) गाणी आईंना येत असतीलच. लांबी मात्र भरपूर, लाईट असताना लावा.

आठळी:
संवाद ऐकू यायला हवेत, हे कुणी सांगितलं? पाठ असले की झालं. 'श्यामची आई' (1953) लावा. श्यामचं गाव पालगड तुमच्याच दापोली तालुक्यातलं. आमच्या आत्याला वनमालाबाईंच्या तोंडचं वाक्य न् वाक्य पाठ, आवाज बंद करून लावला तरी ती पुढचं बोलते. पत्र्याचा एक फायदाही आहे, आपला हुंदका शेजारच्याला कळत नाही.

रिळवाला:
मंडळी, थेट मूकपटच का नाही? दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) बघा, त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. जेवढा उरलाय तेवढाही गोड आहे. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (1931) दीड तासाच्या आत संपतो. बोलपट आले तरी हा गडी बोलला नाही. शेवटी फुलवालीला हाताच्या स्पर्शावरून ओळख पटते, तिथे बोलण्यासारखं काही उरतही नाही.

आणि तुमच्यासाठी खास, बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (1928). सव्वा तासाचा. शेवटी चक्रीवादळ येतं, घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या जागेतून तो वाचतो. भिंत खरीखुरी पाडलेली. मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत, त्या तुम्ही सांगा. थोड्याच आहेत. फक्त वादळ बघून आईंना निसर्ग आठवला तर? हे तुम्हीच ठरवा.

पागोळी:
काल दुपारी पत्रा वाजायला लागला तशी कीटनची आगबोट लावली. वादळ सुरू झालं तेव्हा माझा हात रिमोटवर, आईकडे लक्ष. तिने झोपाळा थांबवला. घरं उडताना "अगोबाई, ती बघ, ती पण गेली" असं चाललेलं. भिंत पडली तेव्हा मात्र गप्प. परत लावायला सांगितली. तीनदा बघितली. मग म्हणाली, "खिडकीला गज नव्हते म्हणून वाचला मेला. आपल्याकडे असता तर?"

मालवणी_चेडू, 'पुष्पक' रविवारी.