पाजताना बाळ ठसकतं, मागे ताठतं, नंतर गुळण्या टाकतं: रिफ्लक्स (जठरातलं दूध वर येणं) म्हणायचा का?

पिलूची_आई
बाळ ७ आठवड्यांचं आहे, फक्त अंगावरचं दूध पितं. जन्माचं वजन २.९ किलो होतं, काल ४.१ भरलं. पाजायला घेतलं की दोन मिनिटांत ठसका लागतो, तोंड सोडून मागे ताठतं आणि रडतं. थोडं शांत झालं की पुन्हा मागतं. दिवसातून आठ-दहा गुळण्या, कधी पातळ, कधी दह्यासारख्या. संध्याकाळी सात ते दहा रड जास्त असते. शू सात-आठ वेळा होते, शी पिवळी, मधूनच हिरवट आणि फेसाळ. डॉक्टरांकडे अ‍ॅसिडिटीचं औषध मागावं, की पाजण्यातच काही चुकतंय?

पान्हा_सल्ला
ताई, ठसका दुसऱ्या मिनिटाला लागतो यातच बरंच कळतं. पान्हा फुटतो तो साधारण तेव्हाच. दुधाची धार जोरात आली की बाळाला गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून ते तोंड सोडतं, ताठतं. घाईने गिळताना हवाही पोटात जाते आणि वर येताना दूध घेऊन येते. फेसाळ हिरवट शी आणि भरपूर वाढलेलं वजन याच्याशी जुळतं.

आधी बसण्याची पद्धत बदला. पाठीमागे उशा लावून अर्धवट रेलून बसा आणि बाळाला पोटावर पोट टेकवून वर घ्या. धार वर चढत जाते, तिचा जोर मोडतो. (डोळे मिटायला लागले तर बाळाला खाली निजवा. त्याला अंगावर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोप लागणं धोक्याचं आहे.) पान्हा फुटल्याचं जाणवलं की बाळाला क्षणभर बाजूला घेऊन पहिली धार पंच्यावर जाऊ द्या, ओघ मंदावला की परत लावा.

पकड तपासा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं. पिताना टकटक आवाज येत असेल तर पकड सुटते आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवा आणि पुन्हा लावा.

एका वेळी एकच बाजू पूर्ण पिऊ द्या, दुसरी मागितली तरच. छाती जड वाटते म्हणून पंपाने रिकामी करत बसू नका. जितकं काढाल तितकं जास्त बनतं. ताण असह्य झाला तर बरं वाटण्यापुरतंच हाताने काढा.

ढेकर मध्ये एकदा, स्वतःहून थांबेल तेव्हा, आणि शेवटी. दोन-तीन मिनिटांत आली नाही तर सोडून द्या. नंतर २० ते ३० मिनिटं खांद्यावर उभं धरा. मांडीवर दुमडून बसवलं की पोट दाबलं जातं आणि गुळणी हमखास येते. मालिश-अंघोळ पाजण्याआधी उरका, डायपर कमरेला सैल ठेवा, लंगोट बदलताना पाय पोटावर दाबण्याऐवजी कुशीवर वळवा.

बालविभाग_परिचारिका
वरच्या सगळ्याला दुजोरा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात मधूनमधून सैल पडते, त्यात आहार पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवं. म्हणून गुळण्या चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतात आणि वर्षाच्या आत बहुतेकांच्या थांबतात. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वजन वाढणं चांगलं, तुमचं बाळ त्यात नीट बसतं. गुळणी दिसते तेवढी मोठी नसते: चमचाभर म्हणजे ५ मिली पाणी दुपट्यावर ओतून पाहा, केवढा डाग पडतो ते. संध्याकाळची रड सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते.

अ‍ॅसिड कमी करणारी औषधं गुळणी थांबवत नाहीत, फक्त तिची आम्लता घटवतात आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढवतात. गुळणी आणि रड एवढ्यासाठी ती देऊ नयेत. डॉम्पेरिडोन हे उलटीवरचं औषध तर हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकतं, घरात पडलेली बाटली उघडू नका.

शी हिरवी चालते, उलटी हिरवी चालत नाही: आतडं अडकल्याची खूण असू शकते, वाट न पाहता रुग्णालय गाठा. दर वेळी लांब फेकल्यासारखी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, हे जठराचं तोंड अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं आणि तुमच्या बाळाचं वय नेमकं त्याचंच आहे, त्याच दिवशी दाखवा. उलटीत रक्त, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाळू फुगणं, शू कमी होणं, सुस्ती, श्वास थांबणं किंवा निळं पडणं, यांतलं काहीही दिसलं तर तडक निघा.

पिलूची_आई
आभारी आहे. सासूबाई मोहरीची उशी देऊन डोकं उंच करायला सांगतात, शिवाय बाळगुटी आणि ग्राइप वॉटर. रात्री एकदा पावडरचं दूध दिलं तर पोटात टिकेल का?

पान्हा_सल्ला
उशी नको. मान पुढे वाकते आणि श्वासनलिका दबते. पाठीवर, सपाट, टणक गादीवर निजवा, गुळण्या टाकणारं बाळसुद्धा. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, आलेलं दूध बाळ गिळून टाकतं. गुटी, ग्राइप वॉटर, साधं पाणी सहा महिन्यांपर्यंत काहीच नको. मध वर्षभर नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. धुरीही बंद, बाळाच्या श्वासनलिकेला धुराचा त्रास होतो.

पावडरचं दूध आईच्या दुधापेक्षा जठरात जास्त वेळ राहतं, त्याने गुळण्या थांबतीलच असं नाही. उलट अंगावरचं एक पाजणं चुकतं. कधी दूध काढून द्यावं लागलं तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा: बाळ उभट धरायचं, दूध ओठाला टेकवायचं, घशात ओतायचं नाही.

बालविभाग_परिचारिका
एक राहिलं. दोन आठवडे पाजण्याची पद्धत बदलूनही फरक नसेल आणि शीत रक्ताचे धागे, अंगावर खरखरीत पुरळ असं दिसलं, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, दुधाचा चहा आणि दूध पावडर घातलेली बिस्किटं बंद करायची. म्हशीचं दूधही यातच येतं. तेवढ्या काळात नाचणी, तीळ आणि डॉक्टर सांगतील तो कॅल्शियम. नंतर दूध पुन्हा सुरू करून त्रास परततो का ते पाहायचंच, नाहीतर आईचं पथ्य विनाकारण महिनोन्महिने चालतं.

डॉक्टरांकडे जाताना एका पूर्ण पाजण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, लावल्यापासून गुळणीपर्यंत. ठसका पान्ह्याबरोबर लागतो की नंतर, ते त्यात लगेच दिसतं.